शिरहाळचा जावई

९ मे २०२६

पोचलो एकदाचा. नऊ वर्षं गोव्यात काढल्यावर घरापासून दीड-दोन तासांवर नोकरी मिळाली, म्हणून नवी वही काढली आणि 'श्री' लिहून सुरुवात केली.

शिरहाळ निपाणीच्या पुढे, धरणाच्या फुगवट्यावर आहे. धरणाने जुना रस्ता गिळला, त्यामुळे बाजार, दवाखाना, उसाचा काटा सगळं पलीकडच्या काठाला आणि जाणं-येणं लाँचने. डोंगराला वळसा घालून निपाणीला एक बस जाते, पण ती येईल तेव्हा खरी. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि धक्का चिखलात उघडा पडतो. म्हणून धक्क्यापासून खोल पाण्यापर्यंत कोसभर लांबीचा कालवा खणलाय, त्यातून लाँच जातात. तो मोकळा ठेवायचं काम आता माझं.

गोव्यात हेच केलं. तिथे बंदरापासून खुल्या समुद्रापर्यंत जहाजांसाठी खणलेली वाट होती, तिच्यातला गाळ ड्रेजरने उपसायचा. इथे समुद्राच्या जागी धरण आणि जहाजाच्या जागी लाँच. बाकी गाळ तो गाळच, त्याला गोवा काय नि कर्नाटक काय.

राहायची सोय राजाबाईआक्कांकडे, माडीवर. त्या इथल्या नौका सोसायटीच्या अध्यक्ष, म्हणजे माझ्या मालकीणबाई. त्यांची मुलगी प्रियदर्शनी सोसायटीचं ऑफिस बघते. तिशीची असेल. लग्न झालेलं दिसत नाही. मी असल्या गोष्टी लगेच बघतो, काय करणार? वय छत्तीस, बेळगावकडे काकतीजवळ दीड एकर रान आणि नाव मष्णू. एका मुलीने तर नाव ऐकूनच फोन ठेवला होता. धाकटा विक्रम माझ्या आधी बोहल्यावर चढला, त्याला आता एक मुलगीही आहे. आई म्हणते, तुझ्या पत्रिकेतच गाळ साचलाय, तो आधी उपस.

धक्क्यावर उतरलो तशी पोरं ओरडत मागे लागली, "अळिया बंदा, अळिया बंदा!" कानडीत अळिया म्हणजे जावई, बंदा म्हणजे आला. आक्का हसून म्हणाल्या, बाहेरून आलेल्या गड्याला इथली पोरं असंच चिडवतात. मला राग आला नाही. खोटं कशाला लिहू, बरंच वाटलं.

१३ मे

कालवा भलताच खोडकर निघाला.

ड्रेजर जुना आहे पण चालतो. परवा धक्क्याजवळचा पट्टा पुरुषभर खोल केला. काल सकाळी बांबू टाकून बघितलं तर पाणी कमरेएवढं, आणि तळ सारवल्यासारखा गुळगुळीत. काल पुन्हा उपसलं. आज पुन्हा तेच. समुद्रात भरती गाळ आणते हे मला समजतं, पण इथे ना भरती ना ओहोटी, गेले दोन दिवस पानसुद्धा हललेलं नाही. मग हा गाळ येतो कुठून?

भरमाअण्णांना विचारलं. हे इथले सर्वांत जुने लाँचचालक, तोंडात कायम तंबाखू आणि बोलणं मोजून. ते म्हणाले, "अधिक लागूंद्या. मग हुतंय नीट." अधिक महिन्याचा आणि गाळाचा काय संबंध, विचारलं तर थुंकून आले आणि विषय बदलला.

ड्रेजरवर गावातला माणूस का ठेवत नाहीत, हेही विचारलं. म्हणजे पगार गावात राहिला असता. तर म्हणाले, "गावच्या गड्याचं काम न्हवं ते. कालव्याला बाहीरचाच लागतोय."

कालव्यावर गावाचा जीव अडकलाय हे मात्र खरं. मागच्या महिन्यात एका बाळंतिणीला पलीकडे घेऊन निघालेली लाँच मधेच रुतली. ना पुढे ना मागे. चिखलात उतरून माणसांनी ढकलली, तोवर बाई गेली. तिचा नवरा रोज धक्क्यावर येऊन माझं काम बघत बसतो. आज त्याने मला पाणी आणून दिलं आणि वाकून नमस्कार केला. मी लाजून चूर झालो.

१७ मे

आज अधिक लागला आणि माझं नशीब उघडलं.

सकाळी आक्कांनी खाली बोलावलं. बघतो तर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, समई. म्हणाल्या, "तुम्हांस्नी सासुरवाडी न्हाय आणि आम्हांस्नी जावई न्हाय. बसा." अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वाण देतात, ते आमच्याकडेही आहे. विक्रम दर खेपेला सासुरवाडीहून तुपकट तोंडाने परत यायचा आणि मी सुट्टीवर घरी येऊन म्हशीचं शेण काढत असायचो. आज पहिल्यांदा माझे पाय कुणीतरी धुतले. आक्कांनी स्वतः धुतले, पदराने पुसले. मला कसंसंच झालं, पण पाय मागे घेतला नाही.

वाढायला प्रियदर्शनी होती. तूप वाढताना तिने एकदाही वर बघितलं नाही. मला ती लाजली असं वाटलं. पोटाला तड लागेपर्यंत जेवलो.

उठताना दारात बघतो तर निम्मं गाव उभं. बायका डोळे पुसत होत्या. काय माया असते एकेका गावात! आमच्या गावात मी मेलो तरी एवढी माणसं यायची नाहीत.

२१ मे

रोज एका घरी जेवण. जावईबापू इकडं या, जावईबापू तिकडं बसा. पँटचं बटण लागेना झालंय.

आज कामावर एक विचित्र प्रकार झाला. ड्रेजरचा पाइप तुंबला म्हणून तोंड उघडलं, तर गाळाच्या गोळ्यात चांदीची अंगठी. ठसठशीत, जावयाला देतात तशी. आत काडी अडकली होती ती नखाने ढकलली. काडी नव्हती. बोटाचं हाड होतं.

मी ओरडलोच. भरमाअण्णांनी शांतपणे दोन्ही माझ्या हातातून घेतलं, पाण्यात धुतलं आणि कालव्यात टाकून दिलं. वर मलाच समजावलं, "जावयाला दिल्यालं माघारी घ्यायचं नसतंय." पोलिसांना सांगायला हवं असं मी म्हणालो. तर म्हणाले, धरणात जुन्या गावाची मसणवट बुडालीय, असलं निघतच असतं, घाबरू नका. पटलं. पटवून घेतलं म्हणा.

संध्याकाळी आक्कांनी मला वाण म्हणून चांदीची अंगठी घातली. माप घेतलं नव्हतं, तरी बरोब्बर बसली.

२४ मे

लग्न ठरलं! माझं!

आक्कांनी स्वतः विषय काढला. म्हणाल्या, प्रियदर्शनीचं बघायचं आहे, तुम्ही घरच्यासारखे झालाय, मोडता घालू नका. मी मोडता घालणार? मी? माझ्या हातातला चहा सांडला.

एकच अडचण. त्यांना हळद याच महिन्यात लावायची आहे. आईला फोन केला तर ती आधी रडली आणि मग चिडली. "अधिकात हळद? आरं कोण करतंय का? कुठल्या जातीची रीत ही?" तिचं बरोबर आहे. अधिकात मंगलकार्य करत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आक्कांना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, आता नुसती हळद, लग्न निज महिन्यात वाजतगाजत करू. आईला म्हणावं हळदीला यायची दगदग नको, लग्नालाच या.

आई म्हणते थांब. पण मला थांबायचं नाही. चांगल्या मुहूर्तांची वाट बघण्यात छत्तीस वर्षं गेली, त्यातल्या एकाही मुहूर्ताने मला बायको दिली नाही. उद्या या लोकांचं मन फिरलं तर? मी हो म्हणून टाकलं.

प्रियदर्शनीशी बोलायला गेलो. ती ऑफिसात पावत्या फाडत होती. विचारलं, तुम्हाला मी पसंत आहे ना? ती पावती फाडायची थांबली आणि म्हणाली, तुम्ही चांगले आहात, एवढ्या चांगल्या माणसाने यायला नको होतं. मी हे मोठं कौतुक समजून परत आलो.

२७ मे

हळद लागली. हात अजून पिवळे आहेत, पानाला डाग पडतायत.

सकाळी अंगणात बसवलं. गावातल्या सगळ्या बायका आल्या, एकजण राहिली नाही. कपाळापासून पायाच्या नखापर्यंत लावली. गाणी म्हणाल्या. त्या मेलेल्या बाळंतिणीची सासू आली, तिने माझ्या दोन्ही गालांना हळद लावली आणि कानशिलावर बोटं मोडली. मला रडूच आलं.

मग अंघोळ घालून मला माडीवर पाठवलं आणि बाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलं. हळदीच्या अंगाने वेस ओलांडायची नसते, ते मलाही माहीत आहे.

नवरदेवाची उष्टी हळद नवरीला जाते. नवरी याच घरात, खालच्या खोलीत. म्हणजे वाटी एक उंबरा ओलांडून आत जायची. मी खिडकीत उभा राहून गंमत बघत होतो. वाटी निघाली. पण आत नाही गेली. बाहेर गेली. पुढे ताशा, मागे सगळ्या बायका, भर उन्हात धक्क्याकडे. मला वाटलं, देवाला दाखवून परत आणतील.

त्या पायऱ्या उतरल्या. गुडघाभर पाण्यात गेल्या. वाटी पाण्यात ओतली आणि ओंजळीने पाणी सारखं करत राहिल्या. नवरीच्या अंगाला लावतात तसं. नवरीला म्हणतात ती गाणी म्हणत होत्या.

पिवळा रंग पसरला नाही. एका ठिकाणी जमला आणि खाली ओढला गेला, कुणीतरी घोट घेतल्यासारखा.

वाटी प्रियदर्शनीच्या हातात होती.

२८ मे

तिने सांगितलं. जेवणाचं ताट घेऊन आली तेव्हा. म्हणाली, हळद लागली की सांगायची मुभा असते.

"मी नवरी न्हवं. मी करवली. दर खेपेला करवलीच."

कालवा खणला त्या वर्षी अधिकात गावाचा एक जावई जेवायला आला होता. जेवून पोहायला उतरला, तो वर आला नाही. त्यानंतर पुढचा अधिक जवळ येईपर्यंत कालव्यात गाळ भरला नाही. गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. तेव्हापासून शिरहाळच्या मुली अधिकात नवऱ्याला माहेरी आणत नाहीत. गावाचा जावई बाहेरून येतो. कामाला.

मी विचारलं, मागच्या अधिकात कोण होतं? म्हणाली, कोकणातला एक होता. मासे चांगले करायचा.

आणि तू काही बोलली नाहीस, म्हणालो. ती म्हणाली, ती बाळंतीण माझी मैत्रीण होती. ताट ठेवून गेली. ताटात धोंडे होते.

मी उद्या पहिल्या बसने जाणार. हे सगळे वेडे आहेत. हळद ही हळद असते.

२९ मे

बस मिळाली. कुणी अडवलं नाही. उलट भरमाअण्णांनी पिशवी वर चढवून दिली. तेव्हाच समजायला हवं होतं.

वेस ओलांडली आणि खोकला लागला. तोंडाला मातीची चव. निपाणीच्या अलीकडे तोंड भरलं. खिडकीबाहेर थुंकलो — काळा गाळ. पुन्हा भरलं. कंडक्टरला वाटलं तंबाखू. निपाणी तंबाखूचीच, आणखी काय वाटणार. श्वास घेता येईना. नाकातून — बोटं घालून काढला, पुन्हा आतून वर येत होता. बाया ओरडायला लागल्या. मला रस्त्यात उतरवलं.

तिथून चालत मागे आलो. शिरहाळच्या दिशेने एकेक पाऊल टाकलं की छाती मोकळी. मागे वळलो की बंद. दोनदा वळून बघितलं.

वेशीवर आक्का तांब्या घेऊन उभ्या होत्या. चूळ भरा म्हणाल्या, मायेने.

३१ मे

घसा सोलवटलाय. थोडं लिहितो.

आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, एक वाट हाय. "सख्ख्या भावाच्या अंगाला तुमच्या हातानं हळद लावा. तुमची उतरतीय."

आणि भावाचं काय? त्यांनी चहा पुढे सरकवला.

विक्रमला पोहता येत नाही. लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हापासून पाण्याला भितो. मी काढला होता बाहेर.

नाही. मी असलं करणार नाही. मी माणूस आहे.

१ जून

फोन केला.

फक्त म्हणालो, आईला घेऊन ये, सोयरीक बघून जा. तो केवढा खूश झाला. फौंड्रीत रजा टाकतो म्हणाला. "दादा, बेळगावचा कुंदा आणतो, दोन किलो."

त्याला सगळं आधी मिळालं. बायको, मुलगी, सासुरवाडी. मला काय मिळालं? एवढं तर —

३ जून

आले. लाँचने, कालव्यातूनच. विक्रम लाँचच्या मधोमध बसला होता, दोन्ही हातांनी फळी धरून. आईने होणाऱ्या सुनेला शहापूरची साडी आणलीय, हिरवी, जरीकाठाची. प्रियदर्शनीच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "लई गुणाची दिसतीस गं." तिने खाली बघतच साडी घेतली.

दोघांनाही पाटावर बसवलं. मला आणि विक्रमला. धोंडे वाढले.

आक्कांनी हळदीची वाटी माझ्या पुढ्यात ठेवली.

विक्रम हसत होता. गाल पुढे केला. म्हणाला, माझ्या लग्नात मी तुला लावली होती, आता तुझी पाळी.

लावली. दोन्ही गालांना. हात थरथरला नाही, हे लिहून ठेवतो. थरथरायला हवा होता.

४ जून

सकाळी विक्रम ड्रेजर बघायला गेला. पाण्याला भिणारा विक्रम. आईने विचारलं, कुठं चाललास रं? म्हणाला, दादाचं काम बघून येतो. झोपेत चालल्यासारखा गेला. मी माडीवरून बघितलं. हाक मारली नाही.

चप्पल धक्क्यावर सापडली. नीट, शेजारी-शेजारी.

आई धक्क्यावर बसून आहे. लाँचवाले बांबू घेऊन शोधतायत. बांबू बुडतोय. पुरुषभर, दोन पुरुष, तळच लागत नाही. कालवा मोकळा. खळाखळा.

माझी छाती मोकळी आहे. उद्या जातो. आईला घेऊन —

५ जून

वेशीवर पोचायच्या आधीच तोंड भरलं. आधीपेक्षा जास्त. दातांत वाळू, जिभेखाली शंख — जिवंत —

परत आलो. कालवा पुन्हा कमरेएवढा. तळ गुळगुळीत.

आक्कांना विचारलं, ओरडलो, बोलता येत नव्हतं, गाळ उडत होता त्यांच्या पदरावर. तुम्ही म्हणालात उतरते. उतरते म्हणालात ना —

त्या शांतपणे पदर झटकत होत्या. "नवरदेव एकटा जात नसतोय जावई. आधी करवला जातोय."

दर खेपेला असंच. प्रत्येकाने आपला करवला आपणच बोलावून आणलाय. कोकणातल्यानेही. भाऊ नसला तर मित्र.

म्हणजे विक्रमला मी — काहीच सुटलं नाही आणि मी —

आई दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

६ जून

सकाळ. धक्क्याची शेवटची पायरी.

आईने मला न्हाऊ घातलं. तेल लावून भांग पाडला, शाळेत जाताना पाडायची तसा. तोंडातला गाळ पदराने पुसत राहिली. ओरडली नाही. एकदाही नाही. ओरडली असती तर —

म्हणाली, "त्येला पाण्याची लई भीती. एकटा कसा ऱ्हाईल त्यो?"

प्रियदर्शनीला दिलेली साडी तिने परत मागून घेतली. एका पदराची गाठ माझ्या उपरण्याला मारली. दुसरा पदर पाण्यात सोडला. शेवटी नवरीला साडी पोचायला हवी म्हणाली. तिला वेड लागलेलं नाही. डोळे कोरडे आहेत. माझा डावा हात तिच्या दोन्ही हातांत आहे, गाठ सोडता येत नाही. एवढी ताकद आईत कुठून —

वही तीच घेऊन आली. विक्रमच्या बायकोला लिही म्हणाली. नीलमला कळू दे काय केलंस ते. लिहून झालं की जा.

म्हणून मी हळूहळू लिहितोय. सावकाश. अक्षर मोठं काढतोय.

गाव मागे उभं आहे. ती बाळंतिणीची सासू अक्षता वाटतेय.

साडी सरळ व्हायला लागली. आधी सैल होती, पाण्यावर तरंगत होती. आता तिची घडी न् घडी उलगडत खाली —

आई म्हणते, नाव लिही, आधी नाव लिही.

नीलम, विक्रम आपणहून गेला नाही. त्याच्या गालाला हळद मी लावली, मला सगळं माहीत असताना, तो हसत होता आणि मी त्याला —